पंचांची शिस्त : आधी शब्द, मग कार्ड



शालेय स्पर्धा आल्या की आपल्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात शिट्टी येतेच. उमरोळी असो, पालघर असो की बोईसर, लहान सामन्यात पंच म्हणून बहुतेक वेळा एखादे सरच उभे असतात. खेळाचे नियम पाठ करता येतात. पण बावीस पोरांना ताब्यात कसं ठेवायचं? खालच्या स्तरावरचे फुटबॉल पंच हे रोज करतात. त्यांच्या पद्धतीतून आपल्याला काय घेता येईल, ते आज पाहू.

कार्ड कुठून आलं?

१९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार राटिन याला बाहेर जायला सांगितलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. राटिन कितीतरी मिनिटं मैदान सोडेना. त्या स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी सांभाळणारे केन अ‍ॅस्टन यांना नंतर रस्त्यावरचा सिग्नल पाहून कल्पना सुचली : पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. गंमत म्हणजे त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही दाखवावं लागलं नाही.

म्हणजे कार्ड हे मुळात शिक्षेसाठी नाही, तर निर्णय सगळ्यांना स्पष्ट कळावा म्हणून आलं. हे लक्षात ठेवू.

नियम काय म्हणतो?

नियम क्र. १२ मध्ये फाउलच्या तीन पायऱ्या आहेत :

१. निष्काळजीपणे केलेला फाउल – फक्त फ्री किक, कार्ड नाही.
२. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेला – पिवळं कार्ड.
३. गरजेपेक्षा जास्त ताकद लावून, समोरच्याला धोक्यात घालणारा – लाल कार्ड.

शिवाय वारंवार फाउल करणाऱ्यालाही पिवळं कार्ड मिळतं. पण ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा? नियमात आकडा दिलेला नाही. ते पंचाने ठरवायचं. पंचाची खरी पद्धत दिसते ती इथेच.

एक प्रसंग, तीन पंच

समजा, दहाव्या मिनिटाला एका बचावपटूने मागून हलका धक्का दिला. निष्काळजी फाउल, बाकी काही नाही.

पहिले पंच लगेच पिवळं कार्ड काढतात. आता पुढच्या प्रत्येक धक्क्याला कार्ड काढणं भाग आहे, नाहीतर ‘आम्हालाच का?’ हा प्रश्न येणार. तासाभरात कुणीतरी दुसरं पिवळं घेऊन बाहेर जातो, आणि सामना खेळापेक्षा कार्डांचाच होऊन बसतो.

दुसरे पंच म्हणतात, ‘जाऊ दे, खेळा.’ पुढच्या वेळीही तेच. पोरांना कळतं की इथे न्याय मिळणार नाही, मग ती आपला हिशोब आपणच चुकता करतात. शेवटी मारामारी होते आणि लाल कार्ड निघतं.

तिसरे पंच शिट्टी वाजवून फ्री किक देतात, जाता जाता एक वाक्य बोलतात. त्याच खेळाडूने पुन्हा केलं की त्याला आणि कर्णधाराला बाजूला बोलावतात. तिसऱ्यांदा मैदानावरच्या जागा बोटाने दाखवतात, ‘तिथे, तिथे आणि आता इथे’, आणि मग पिवळं कार्ड. कुणी तक्रार करत नाही, कारण पायऱ्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात.

पण धोकादायक टॅकलला हे तिसरे पंचही पायऱ्या मोजत बसत नाहीत. तिथे सरळ लाल. शांत असणं आणि ढिलं असणं यात फरक आहे.

खालच्या स्तरावर हे जास्त महत्त्वाचं का?

मोठ्या सामन्यात व्हीडिओ असतो, चौथे पंच असतात. लहान सामन्यात कधी कधी लाइनमनही नसतो. पंचाकडे असते ती फक्त त्याची विश्वासार्हता.

आपल्या कोल्हापूरचंच बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि संघांचीही तीच. शाहू स्टेडियमवर हजारो माणसं आपापल्या पेठेसाठी ओरडत असतात, मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्त लागतो. अशा गर्दीत पंचाचा पहिल्या दहा मिनिटांतला निर्णय आणि शेवटच्या दहा मिनिटांतला निर्णय जुळला नाही, तर ते अख्ख्या स्टेडियमला दिसतं.

एक उपयोगी उपाय

२०१७ पासून युवा आणि स्थानिक स्तरावर खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवून परत घेण्याची मुभा नियमात आहे. इंग्लंडमध्ये ३१ लीगमध्ये हे आधी करून पाहिलं, तेव्हा पंचांशी वाद घालण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. मग २०१९-२० च्या हंगामापासून तिथल्या स्थानिक फुटबॉलमध्ये वाद घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर, हा नियमच झाला. हा वेळ एकूण सामन्याच्या १० ते १५ टक्के असावा असं सुचवलेलं आहे. आपला शालेय सामना ४० मिनिटांचा असेल तर ४ ते ६ मिनिटं. मुलगा शांत होतो आणि मुख्य म्हणजे परत खेळतो. लाल कार्ड घेऊन घरी गेलेलं मूल पुढच्या वेळी मैदानावर येईलच असं नाही.

उपक्रम

• वरचा प्रसंग मुलांना सांगा. ‘तुम्ही पंच असता तर काय केलं असतं, आणि का?’ हे विचारा.
• खेळाच्या तासाला आळीपाळीने मुलांना शिट्टी द्या. एकदा पंच झालेलं मूल पंचावर कमी ओरडतं.
• सामन्याआधी सांगा : पंचांशी फक्त कर्णधार बोलेल. २०२४ च्या युरो स्पर्धेतही हीच पद्धत वापरली होती.

पालकांना एक विनंती. कडेला उभं राहून आपण पंचांना जे बोलतो, ते आपलं मूल मैदानातून ऐकत असतं. उद्या वर्गात बाईंशी कसं बोलायचं, हे ते तिथेच शिकतं.