मुलांचं जरा मार्गी लागलं की...

मुलांचं जरा मार्गी लागलं की मी गाणं शिकणार आहे. हे वाक्य थोड्याफार फरकाने आपल्या सगळ्यांच्या घरात बोललं जातं. कुणाचं पोहणं राहिलेलं असतं, कुणाची पदवी. आधी बालवाडी होऊ दे, मग स्कॉलरशिप, मग दहावी. आणि दहावीनंतर बारावी असतेच.

वेळ नसतो, हे खोटं नाही. डबे, ऑफिस, गृहपाठ, सासूबाईंची औषधं. रात्री ओटा आवरेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. पण मला वाटतं, वेळेपेक्षा संकोचच जास्त अडवतो. या वयात सा लावायचा, तोही हलणारा? शेजारी ऐकतील. क्लासमध्ये शेजारच्या छोट्या मुलीला आपल्याआधी जमेल. शिवाय मुलाच्या क्लासची फी भरताना न अडखळणारा हात स्वतःची फी भरताना अडखळतो.

यातलं मुलांपर्यंत बरंच पोचतं. ‘तुझ्यासाठी सगळं सोडलं रे’ हे आपण मायेनं म्हणतो, कधी दमून चिडून. त्याला मात्र एवढंच कळतं की आईचं काहीतरी माझ्यामुळे राहिलं. ते तो बोलून दाखवत नाही. कधी कधी तर आपली राहिलेली हौस पुरी करायला आपण त्यालाच पेटीच्या क्लासला घालतो, आणि तो बिचारा कंटाळत जातो.

गाण्याचंच सांगते, कारण ते मला जवळचं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते सामान्य घरातल्या माणसालाही गाणं शिकता यावं म्हणून. त्याच परंपरेतल्या गांधर्वच्या परीक्षांना आजही शाळकरी पोरांबरोबर आजी-आजोबा बसतात. परीक्षा द्यायलाच हवी असं नाही. भूप रागापासून सुरुवात करा. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर. पण मन रमवायला पुरेसे.

माळ्यावरची पेटी खाली काढा, भाता फाटला असेल तर दुरुस्त करून घ्या. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी चालतील. पहिले काही दिवस मूल मध्येच येईल, कंपास सापडत नाही म्हणून. ‘बाबांना विचार’ म्हणताना जिवावर येईल, तरी म्हणा.

आणि दार लावून बसू नका. मुलांनी आपल्याला नेहमी येणाऱ्या गोष्टीच करताना पाहिलेलं असतं: पोळ्या, गाडी चालवणं, हिशेब. न येणारी गोष्ट शिकताना मोठं माणूस कसं चुकतं, पुन्हा पहिल्यापासून कसं धरतं, हे त्यांना कुठे दिसतं? म्हणून तर गणित अडलं की त्यांना वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. तुमचा गंधार चुकलेला मुलाला ऐकू दे. हसला तर हसू दे. ‘आई, आज कालच्यापेक्षा बरं वाटलं’ असं एखाद्या दिवशी तोच म्हणेल, आणि कौतुक कसं करायचं हेही त्याला त्यातून कळेल.

आठवडे सुटतील. घरात कुणाला ताप येईल, पाहुणे येतील, परीक्षा येतील. सुटू देत, पुन्हा बसा. फी एकदम वर्षाची भरू नका, एका महिन्याची भरा. आणि क्लासच्या दिवशी संध्याकाळची भाजी कोण करणार, एवढं आज जेवताना घरात ठरवून टाका.