दरडग्रस्त वाड्यांतील गटबैठक आणि गटप्रमुखाची तयारी

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत भात लावणीची घाई आणि दरडींचा धोका एकाच महिन्यात येतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. दि. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील कोंडाळकरवाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या, तर महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले.

शेत वाहून गेले तर पंचनामा होतो. परंतु रात्री पाऊस वाढला की झोप उडणे, डोंगरालगतच्या खाचरात जाण्यास पाय न धजणे, कामात मन न लागणे, दारूचे प्रमाण वाढणे या नुकसानीची नोंद कोठेच होत नाही. तिचा परिणाम मात्र शेतीवर आणि घरावर होतो. यावर गावपातळीवर करता येण्यासारखा एक उपाय म्हणजे नियमित गटबैठक.

गटबैठक म्हणजे काय?

सारख्या संकटातून गेलेल्या सहा ते दहा व्यक्तींनी ठराविक दिवशी, ठराविक वेळी एकत्र बसून एकमेकांचे ऐकणे म्हणजे गटबैठक. ही ग्रामसभा नव्हे, गावकीची न्यायबैठक नव्हे आणि भजनही नव्हे. येथे निवाडा द्यावयाचा नसतो व उपदेशही करावयाचा नसतो. "हे फक्त मलाच होते" असे वाटणाऱ्या माणसाला "मलाही होते" असे शेजाऱ्याच्या तोंडून कळले की त्याचा अर्धा भार उतरतो. गटाचे पहिले बळ हेच आहे.

हे काम गावातील माणसे करू शकतात का?

होय, मात्र प्रशिक्षणानंतर. युगांडा देशाच्या नैऋत्य भागातील खेड्यांत २००२ मध्ये असा प्रयोग झाला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, परंतु तेथील भाषा जाणणाऱ्या व्यक्तींना दोन आठवडे शिकवून गटप्रमुख केले गेले. स्त्रिया व पुरुष यांचे गट वेगळे ठेवले. आठवड्यातून एकदा दीड तास याप्रमाणे १६ आठवडे बैठका झाल्या. गटांत बसलेल्यांचे नैराश्य इतरांच्या मानाने पुष्कळच कमी झाल्याचे आढळले. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी आणि लहान गटांत बोलणे सुरू केल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

गटप्रमुख कोणाला करावे?

मोठ्या आवाजाचा माणूस चांगला गटप्रमुख होतोच असे नाही. निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात.

१) ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशी व्यक्ती.
२) दुसऱ्याचे बोलणे मध्येच न तोडणारी.
३) गावच्या राजकारणात वा भावकीच्या वादात पक्षकार नसलेली.
४) वर्षभर गावात राहणारी. आपल्याकडे बरेच पुरुष मुंबईला नोकरीस असल्याने बचत गटातील भगिनी, आशा वा अंगणवाडी सेविका या कामास अधिक योग्य ठरतात.
५) जिच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तिच्यावर ही जबाबदारी लगेच टाकू नये.

बैठक कशी घ्यावी?

भातकापणी व झोडणी उरकल्यावर गट सुरू करावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी दहा-बारा बैठका होतात. जागा शाळा किंवा समाजमंदिराची असावी. सर्वांनी गोल बसावे; गटप्रमुखाने खुर्ची घेऊ नये. पहिल्याच बैठकीत तीन नियम ठरवावेत : येथले बोलणे येथेच राहील, एका वेळी एकानेच बोलावे, आणि बोलण्याची सक्ती कोणावरही नाही.

पहिला नियम वाडीत पाळणे सर्वांत कठीण, कारण गटातील एक जाऊ तर दुसरी नणंद असते. नियम मोडला तर गट मोडतो, हे सर्वांना आधीच सांगावे.

तिसरा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. संकटानंतर एकाच बैठकीत सर्व प्रसंग वदवून घेतल्याने मन मोकळे होते, हा समज बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नये असेच सांगते. माणूस आपल्या वेगाने बोलेल. गप्प बसलेलाही ऐकत असतो.

बैठकीचा शेवट कामाच्या गोष्टीने करावा. समजा, एखादी भगिनी म्हणाली, "पाऊस लागला की मी पोरांना घेऊन बसून राहते." तेव्हा "घाबरू नका वहिनी" म्हणणे सोपे, पण निरुपयोगी आहे, तिची भीती खोटी नाही. गटप्रमुखाने विचारावे, "आणखी कोणाला असे होते? मग तुम्ही काय करता?" यातूनच डोंगराला नवीन भेग, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे यांवर कोणी लक्ष ठेवायचे आणि रात्री कोणाच्या घरी जायचे हे ठरते. हाती काम आले की भीती आवाक्यात येते.

अडचणीचे प्रसंग

- कोणी रडू लागल्यास गप्प करू नये. पाणी द्यावे, थांबावे आणि पुढे बोलायचे का ते विचारावे.
- एकच जण बोलत राहिल्यास, "दादा, तुमचे लक्षात आले, आता काकींचे ऐकूया," असे म्हणावे.
- मदतीच्या रकमेवरून वाद निघाल्यास त्यासाठी तलाठ्यांकडे एकत्र जाण्याचा दिवस ठरवावा व बैठक मूळ विषयावर आणावी.
- दारू पिऊन आलेल्यास अपमान न करता पुढच्या बैठकीस बोलवावे.

धोक्याची खूण ओळखा

"माझ्यामागे सगळे सुटतील", "मीच का वाचलो?" अशी वाक्ये हसण्यावारी नेऊ नयेत. बैठकीनंतर त्या व्यक्तीस बाजूला घेऊन, जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर होय आले तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके हलवावीत आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. जीव धोक्यात असेल तेथे गुप्ततेचा नियम लागू नाही, हेही पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावे.

गटप्रमुखाचे प्रशिक्षण

व्याख्यान ऐकून पोहता येत नाही, तसेच हे आहे. प्रशिक्षणात प्रथम एकमेकांत लटकी बैठक घ्यावी : एकाने गटप्रमुख, एकाने रडणारा, एकाने भांडणारा व्हावे आणि इतरांनी चुका सांगाव्यात. पुढे अनुभवी व्यक्तीच्या काही बैठका नुसत्या पाहाव्यात, नंतर तिच्या जोडीने घ्याव्यात आणि मगच स्वतंत्रपणे घ्याव्यात. गट सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा दोन-तीन वाड्यांच्या गटप्रमुखांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकासमोर, नावे न घेता, आपल्या अडचणी मांडाव्यात. दुसऱ्यांचे दुःख ऐकून गटप्रमुखाचीही झोप उडते. त्यालाही ऐकणारे कोणी हवे. आणि औषधाचा सल्ला गटप्रमुखाने कधीही देऊ नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आवण तयार व्हावी म्हणून आपण राब उन्हाळ्यातच भाजून ठेवता. गटाचेही तसेच आहे. दरड कोसळल्यावर गट बांधता येत नाही. तो आधी बांधलेला असावा लागतो. या वर्षी भाताची झोडणी झाली की आपल्या वाडीत पहिली बैठक बोलवा.