निवृत्तीनंतरची दिनचर्या आणि मैत्री : ओकसात्म्याच्या दृष्टीने एक विचार

प्रास्ताविक

शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली, अशी एक मोठी पिढी महाराष्ट्रात आहे. त्या पिढीतील असंख्य कर्मचारी ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले व होत आहेत. शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात, सहकारी घरापर्यंत पोहोचवायला येतात. पुढे पावसाळा सरत असताना यांपैकी काही जण आपल्या चिकित्सालयात येतात. तक्रारी ठरलेल्या असतात : पोट साफ होत नाही, पहाटे तीनला जाग येते, गुडघे धरतात, अन्नाला चव नाही. ग्रीष्मात वाताचा संचय व वर्षा ऋतूत प्रकोप होतो, हे आपण सर्व जाणतो. निवृत्तीचा दिवस नेमका संचयकाळात यावा, हा योगायोग चिकित्सकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सदर लेखात निवृत्तीनंतरच्या दैनंदिन जीवनाचा, आरोग्याचा आणि मैत्रीचा विचार आयुर्वेदीय परिभाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. विषय नित्याचा असला तरी आमच्या हातून याच विषयात एकदा चूक झाली. तिच्यापासूनच आरंभ करतो.

रुग्णवृत्त

एका जिल्हास्तरीय कार्यालयातून लेखा विभागातून निवृत्त झालेले, वय वर्षे ५९, असे एक गृहस्थ आमच्याकडे आले. मलावष्टंभ, आध्मान, निद्रानाश, संधिशूल आणि चार महिन्यांत सुमारे चार किलो वजन घटणे ही लक्षणे होती. रक्तशर्करा, थायरॉईड, उदराची सोनोग्राफी इत्यादी तपासण्यांत विशेष काही आढळले नाही. रक्तदाबाची गोळी त्यांना पूर्वीपासून चालू होती, ती तशीच ठेवली. वातप्राधान्य पाहून रात्री गंधर्वहरीतकी, दुधातून अश्वगंधा, तिळतेलाचा अभ्यंग अशी योजना केली. दोन महिने औषध चालले. पंधरा दिवस बरे वाटे, पुन्हा पूर्ववत होई. आम्ही मात्रा बदलली, कल्प बदलला, पथ्य अधिक कडक केले.

तिसऱ्या महिन्यात त्यांची पत्नी सोबत आली. ती सहज म्हणाली, “डॉक्टर, पोस्टमन आला तरी हे त्याला अर्धा तास दारात उभा करून ठेवतात.” आम्ही लेखणी खाली ठेवली आणि प्रथमच विचारले की, आपला दिवस कसा जातो? निवृत्तीनंतर दोन महिने ते रोज नऊ वाजता इस्त्रीचे कपडे घालून बाहेरच्या खोलीत बसत. आरंभी कार्यालयातून एखाद्या जुन्या फाईलबद्दल फोन येत, पुढे तेही थांबले. एकदा स्वतः जाऊन आले, ते शेवटचे. का, असे विचारता म्हणाले, “गेलो की खुर्ची देतात, चहा देतात, पण हातातलं काम कुणी थांबवत नाही.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “मी नसलो तरी सगळं चालतंच की.”

या उत्तरात रोगाचा हेतू स्पष्ट होता. दशविध परीक्षेत सात्म्य व सत्त्व यांचे परीक्षण सांगितलेले असूनही आम्ही जिव्हा, मल आणि नाडी यांवरच थांबलो होतो.

वयाचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात मध्यम वयाची मर्यादा ६० वर्षांपर्यंत, तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ७० वर्षांपर्यंत मानली आहे. नोकरीतील निवृत्तीचे वय सर्वसाधारणपणे ५८ ते ६० आहे. म्हणजे दोन्ही संहितांच्या मते निवृत्त होणारा मनुष्य त्या दिवशी वृद्ध नसतो. जरेला सुश्रुतांनी स्वभावबलप्रवृत्त व्याधींत गणले असून तिचे कालकृत व अकालकृत असे भेद केले आहेत. कालकृत जरा अटळ आहे. अकालकृत जरा टाळणे हे आपले कार्यक्षेत्र. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत एखादा मनुष्य दहा वर्षांनी थकलेला दिसू लागतो, ती बहुतांशी अकालकृत जरा होय, असे आमचे मत आहे.

संप्राप्ती : सुटलेले ओकसात्म्य

अभ्यासाने शरीराला जे मानवते ते ओकसात्म्य. हा शब्द आपण प्रायः आहारापुरता वापरतो. परंतु पस्तीस वर्षे ठराविक वेळी उठणे, ठराविक गाडी पकडणे, एक वाजता त्याच चौघांबरोबर डबा उघडणे, साडेपाचला टपरीवर चहा घेणे, हेही एक सात्म्यच आहे. मलवेग, क्षुधा, निद्रा यांची घडी त्यावर बसलेली असते. निवृत्तीच्या दिवशी हे सर्व एका सायंकाळी तुटते.

चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवयदेखील एकदम न सोडता पादांशाने सोडावी, असा क्रम सांगितला आहे. वाग्भटांनी ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत मागील ऋतूची चर्या क्रमाने सोडून पुढील चर्या क्रमाने स्वीकारण्यास सांगितले. एकदम केलेला बदल असात्म्यज रोगांना कारण होतो. दोन आठवड्यांच्या ऋतुबदलाला जर एवढी काळजी घ्यायची, तर पस्तीस वर्षांच्या चर्येचा त्याग एका दिवसात केल्यावर वात क्षुब्ध झाला, तर नवल नाही.

पुढील क्रम व्यवहारात वारंवार दिसतो. उठण्याची वेळ पुढे सरकते, त्यामुळे मलवेगाची वेळ चुकते. न्याहारी उशिरा, म्हणून भोजन उशिरा. मध्ये दोन वेळा जास्तीचा चहा. अग्नी विषम होतो. दुपारी दोन तास झोप, रात्री उशिरापर्यंत दूरदर्शन, मग पहाटे जाग. त्या जागरणात चिंता. चिंता, शोक, भय व दिवास्वाप हे सर्व चरकांच्या वातव्याधी अध्यायात हेतू म्हणून आलेच आहेत. अतिचिंतन हे रसवह स्रोतसाच्या दुष्टीचेही कारण सांगितले आहे. योग्य मात्रेतील पथ्यकर अन्नसुद्धा चिंताग्रस्त मनुष्याला नीट पचत नाही, हा विमानस्थानातील सिद्धांत. आमच्या रुग्णाचे पथ्य आम्ही कडक करीत गेलो आणि वजन घटतच राहिले, त्याचे कारण येथे आहे.

चिकित्सासूत्र

१. वेळेची पुनर्स्थापना : पहिले तीन महिने नोकरीतील उठण्याच्या, भोजनाच्या व चहाच्या वेळा जवळपास तशाच ठेवाव्यात. बदल करावयाचा तर पंधरा दिवसांत अर्ध्या तासाहून अधिक करू नये.

२. आहार : उष्ण, स्निग्ध, मात्रावत् व ताजे अन्न. मुगाचे वरण, भाताची पेज, ज्वारीची भाकरी, दुधी-पडवळासारख्या भाज्या, अग्निबल पाहून तूप. मधुमेह, हृद्रोग वा वृक्कविकार असल्यास तूप, मीठ व उपवास यांचा निर्णय त्या त्या व्याधीनुसार घ्यावा. शक्य तेथे एक भोजन तरी कुणाच्या सोबतीने व्हावे.

३. अभ्यंग : वाग्भटांनी शिर, कर्ण व पाद यांवर विशेष भर दिला आहे. वृद्धांस आम्ही रात्री पादाभ्यंग सांगतो, परंतु तळवे पुसून, मोजे घालून मगच पलंगाखाली उतरावे, असे बजावतो. तेलकट पायांनी न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले, तर आपल्या उपचाराने अपकारच होतो.

४. चंक्रमण : वाग्भटांनी वृद्धांस व्यायाम वर्ज्य सांगितला, तर शरीरास पीडा न देणारे चंक्रमण सुश्रुतांनी आयु, बल, मेधा व अग्नी यांस हितकर मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल व बल वाढविणारे व्यायाम सुचविले आहेत. रुग्णाचे बल पाहून दोन्हींचा मेळ घालणे कठीण नाही. फिरणे उजाडल्यावर असावे.

५. निद्रा : वृद्धांस दिवास्वाप सर्वस्वी निषिद्ध नाही, चरकांनी त्यांना सूट दिली आहे. तथापि पलंगावरील दोन तासांच्या झोपेपेक्षा आरामखुर्चीतील वीस मिनिटांची डुलकी बरी.

मैत्री : दिनचर्येचे उपेक्षित अंग

अष्टांगहृदयाच्या ज्या दिनचर्या अध्यायात दंतधावन, अंजन, अभ्यंग आहेत, त्याच अध्यायात कल्याणमित्रांची भक्तिपूर्वक सेवा करण्याचाही उपदेश आहे. आपण दंतधावन रुग्णाला समजावून सांगतो, मित्राबद्दल विचारीत नाही. चरकांनी कृश मनुष्याच्या उपचारात प्रियजनांचे दर्शन सांगितले आहे आणि रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. आधुनिक संशोधनही याच दिशेचे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १४८ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात, दृढ सामाजिक संबंध असणाऱ्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. स्मृतिभ्रंशाविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत एकाकीपणा व श्रवणदौर्बल्य दोन्ही आहेत. त्यांचा परस्परसंबंध चिकित्सकाने ओळखावा. ज्याला ऐकू कमी येते तो चारचौघांत हसण्याच्या वेळी चुकतो, मग जाणेच सोडतो. घरचे म्हणतात, स्वभाव तिरसट झाला. अशा वेळी आधी श्रवणपरीक्षा करून घ्यावी.

नोकरीतील मैत्रीचे एक वैशिष्ट्य असे की, ती जमवावी लागत नाही. जागा व वेळ तिला जमवतात. म्हणून निवृत्तीनंतर ती संपली असे वाटते. वस्तुतः संपते ती जागा. नवी जागा व नवी वेळ दिली की तीच मैत्री पुन्हा धरते. वाचनालयातील वृत्तपत्रांचे टेबल, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतील कट्टा, १९९५ साली मुंबईत सुरू होऊन सर्वत्र पसरलेले हास्यक्लब, ही सर्व अशी स्थाने होत. मात्र अंतर्गळ, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच नेत्रशस्त्रक्रिया झालेल्यांनी जोराचे हसणे टाळावे.

स्त्रियांची स्थिती थोडी निराळी असते. निवृत्त शिक्षिका वा परिचारिका घरी रिकामी बसत नाही. स्वयंपाकघर व नातवंडे तिची वाट पाहतच असतात. तिचे हरवते ते दुसरेच. मुंबईतील लोकलच्या महिला डब्यात वीस वर्षे भाजी निवडत, हळदीकुंकू करीत जमलेल्या मैत्रिणी एका दिवसात दुरावतात आणि त्याबद्दल कोणी विचारीत नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जाऊन आलेल्या आजीही “तिकडे सगळं होतं, बोलायला कुणी नव्हतं” असे सांगतात. अशा रुग्णेस आठवड्यातील एक सायंकाळ स्वतःची राखून ठेवण्यास, घरच्यांसमोर, औषधाप्रमाणेच लिहून द्यावे.

मैत्रीलाही पथ्यापथ्य आहे. सद्वृत्त सांगताना चरकांनी सेव्य व असेव्य जनांचे वर्णन केले आहेच. ज्या कट्ट्यावर केवळ व्याधी व सुनांच्या तक्रारी चालतात, तेथून मनुष्य अधिक खिन्न होऊन परततो. शिवाय तेथे औषधांची देवघेव होते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असता मित्राच्या सांगण्यावरून कारल्याचा रस सुरू करून घाम व चक्कर घेऊन आलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. तेव्हा ‘मित्राने काय सांगितले आहे?’ हाही प्रश्न विचारावा.

रुग्णपत्रिकेत घालावयाचे प्रश्न

१. निवृत्तीस किती महिने झाले?
२. काल घरच्यांखेरीज कोणाशी बोललात?
३. घराबाहेर पडण्यास ठरलेले कारण व वेळ आहे काय?
४. जेवताना सोबत कोण असते?
५. गेल्या वर्षभरात जवळचे कोणी गेले काय?
६. रात्री पडल्यास वा आजारी झाल्यास प्रथम कोणाला बोलवाल?

पाचव्या प्रश्नावर रुग्ण गप्प झाला, तर त्याला वेळ द्यावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, अन्नद्वेष, जगण्याविषयी नैराश्याचे उद्गार असतील, तर केवळ मेध्य औषधांवर विसंबू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे व घरच्यांना विश्वासात घ्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलीमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा.

उपशय

आमच्या रुग्णास त्याच्या त्या उद्गाराबद्दल आम्ही थेट विचारले. जीव देण्याचा विचार नव्हता, रितेपण होते. मनोविकारतज्ज्ञांचेही मत घेतले. औषधे कमी केली, वेळा बांधून दिल्या आणि पादांशक्रम लावला. पहिल्या आठवड्यात सकाळी केवळ वाचनालयापर्यंत जाणे. दुसऱ्या आठवड्यापासून, ज्या सहकाऱ्याबरोबर वीस वर्षे साडेपाचचा चहा घेतला होता, त्याच्याबरोबर दर रविवारी त्याच टपरीवर चहा. त्याची निवृत्ती अजून व्हायची होती. पुढे ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून दोन दिवस, निवृत्तिवेतनाचे अर्ज भरण्यास लोकांना मदत करणे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी झाली तेव्हा ते सकाळी नऊ वाजता इस्त्रीचे कपडे घालून निघू लागले.

तीन महिन्यांत मलप्रवृत्ती नियमित झाली, वजन दोन किलोंनी वाढले. निद्रा सुधारली, तरी पहाटेची जाग पूर्णपणे गेली नाही. संधिशूल आहेच, त्याची चिकित्सा स्वतंत्रपणे चालू आहे.

उपसंहार

एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, हे आम्ही जाणतो. वैद्यबंधुभगिनींनी आपापल्या चिकित्सालयात वरील सहा प्रश्न विचारून पाहावेत व आपले अनुभव कळवावेत, अशी विनंती आहे. दर महिन्याला तेच चूर्ण नेण्यास येणारा निवृत्त गृहस्थ खिडकीतून पुडी घेऊन परत जात असेल, तर पुढील खेपेस त्यास आत बोलवावे आणि पाच मिनिटे बसवून घ्यावे. तो कदाचित चूर्णासाठी येतच नसेल.