घराचा संकल्प एकट्याने करावा काय?

(कुटुंबात मिळून वाचण्यासाठी व उपदेशकांच्या अभ्यासासाठी)

नवे वर्ष लागले की संकल्पांना भरती येते. कोणी तंबाखू सोडतो, कोणी कर्ज फेडण्याची प्रतिज्ञा करितो, कोणी पहाटे उठण्याचा निश्चय करितो. आणि संक्रांतीचा तिळगूळ डब्यातून संपतो न संपतो तोच पुष्कळांचे निश्चयही संपलेले असतात. मनुष्याचे मन दुबळे आहे, म्हणून असे होते, असे सांगण्याचा प्रघात आहे. ते काही अंशी खरे असेलही. परंतु घरोघर फिरताना आम्हांस दुसरेच एक कारण वारंवार आढळून येते. संकल्प करितो एकटा यजमान, आणि तो पाळण्याचे ओझे पडते घरातील इतरांच्या पाठीवर. "ह्या वर्षी कोणाकडे उसने मागावयाचे नाही" असे यजमान म्हणतो. मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजारणीकडे वाटीभर तेल न मागता चूल पेटती ठेवणे हे कोणाचे काम? "ह्या वर्षी मुलाला पहिल्या वर्गात आणावयाचे" असे बाप ठरवितो. पण मुलास अभ्यासाला बसविण्यापायी रोज त्याचा राग सोसणे हे कोणाच्या वाट्यास येते?

बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात आहे, तो आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो मनुष्य बांधकामास हात घालण्यापूर्वी खर्चाच्या हिशेबास बसतो. आमचा प्रश्न इतकाच की, घराच्या बाबतीत ह्या हिशेबास कोणी कोणी बसावे?

चामटोली, बदलापूर, वांगणी ह्या उल्हास नदीच्या भागात अशा बैठकीस जानेवारी महिना मोठा सोईचा आहे. भाताची कापणी व झोडणी उरकलेली असते, दाणे घरात आलेले असतात, आणि राबासाठी शेण, पालापाचोळा व टहाळ जमविण्याची घाई अजून पुरती सुरू झालेली नसते. शेतकऱ्यास राब म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. आवणी जुलैत होते. पण जिचे रोप लावावयाचे ती जमीन उन्हाळ्यातच भाजून तयार ठेवावी लागते. मृग बरसू लागल्यावर राब भाजू म्हणणारास काय मिळणार?

तथापि हल्ली एक नवी अडचण आहे. पुष्कळ घरांतून शेती राहिली नावापुरती, आणि घर चालते ते लोकलवर. बदलापुराहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 68 किलोमीटर दूर आहे. बाप पहाटेची गाडी धरितो तेव्हा मुले निजलेली असतात, आणि परत येतो तेव्हाही बहुधा निजलेलीच असतात. अशा घरात कोणाचे कोणाशी भांडण नसते, पण बोलणेही नसते. जे काही कळावयाचे ते मोबाईलवरून कळते. म्हणून आम्ही म्हणतो की, इतर सर्व संकल्पांच्या आधी एक लहानसा संकल्प करावा: आठवड्यातून एक रात्र सर्वांनी एका वेळी जेवावे. त्या रात्री दूरचित्रवाणी व मोबाईल बंद. हे इतके साधे आहे की लिहिण्याचाही संकोच वाटतो; परंतु ज्या घरास एवढे साधत नाही, त्याने पुढच्या गोष्टी हाती घेऊन उपयोग नाही.

आता उदाहरणाकडे वळू. आमच्या लोकलच्या वाटेवरचे कल्याण घ्या. त्या गावी 31 मार्च 1865 रोजी यमुना जोशी नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. ते तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. सासरी तिचे नाव आनंदीबाई झाले. बायकोस शिकवावयाचेच, असा गोपाळरावांचा संकल्प होता, आणि तो त्यांनी लोकनिंदा सोसून चालविला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. ह्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा त्यांचा स्वतःचा निश्चय उभा राहिला. 1883 साली त्या पतीवाचून समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. परत आल्या त्या क्षयाने पोखरून. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ही कथा सांगताना गोपाळरावांच्या निश्चयाची स्तुती करण्याची चाल आहे, आणि निश्चय मोठा होता ह्यात संशय नाही. पण आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात जे आहे, तेही सांगितले पाहिजे. दहा वर्षांची असता लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बारा वर्षांची असता अंगावर पुस्तके व खुर्च्या फेकणे, ह्याची आठवण त्यांनी पतीस करून दिली आहे. संकल्प चांगला होता. तो पार पाडण्याची रीत निर्दय होती. संकल्प थोर असला म्हणजे रीत कोणीही विचारू नये, असे मानणारे यजमान आजही पुष्कळ आहेत. मुलीस शिकवितो म्हणून तिला झोडपण्याचा अधिकार मिळतो, असे त्यांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

त्याच काळातील दुसरे घर पुण्याचे. 1873 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचे दुसरे लग्न झाले. वधू रमाबाई अकरा वर्षांच्या, अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लागलीच त्यांस शिकविण्यास आरंभ केला. दिवसा कचेरी, म्हणून रात्रीची वेळ नेमून घेतली. घरातील वडीलधाऱ्या बायकांस हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणे हे सर्व रमाबाईंस सोसावे लागले. ह्या बाबतीत आम्हांस रानड्यांचाही थोडा दोष दिसतो: शिकविणारा दिवसभर कचेरीत सुरक्षित, आणि शिकणारी दिवसभर त्या बायकांमध्ये. तरी त्यांनी हात उगारला नाही, नेमलेली वेळ चुकविली नाही, आणि वर्षानुवर्षे धीर सोडला नाही. पुढे 1901 साली रानडे वारले. त्यानंतर 1909 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाचे काम रमाबाईंनी वाहिले, आणि 1910 साली आपल्या संसाराच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या बाईस लग्नाच्या दिवशी वाचता येत नव्हते, तिच्या त्या पुस्तकातूनच आज आपणांस रानड्यांचे घर कसे होते ते कळते.

"ती थोर माणसे, त्यांचे आमच्या झोपडीस काय?" असे कोणी म्हणेल. बरे, मग पैशाचीच गोष्ट बोलू. ती झोपडीसही लागू आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. पुढे आला त्यास देऊन ते मोकळे होत, आणि घर चालविण्याची ओढाताण लक्ष्मीबाईंस करावी लागे. त्यांनी स्मृतिचित्रांत हे हसत हसत सांगितले आहे, म्हणून आपणही हसतो. पण घरात जो पैसा आणतो व जी तो पुरविते, त्या दोघांनी एकाच वहीत लिहावे हे बरे. रोज दहा रुपये बाजूस पडले तर वर्षाचे 3650 होतात. महिना शंभर रुपयांपासून पोस्टात पाच वर्षांचे आवर्ती खाते उघडता येते. दहा वर्षांखालील मुलगी असेल तर 2015 साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी खात्यात वर्षाला निदान 250 रुपये भरावे लागतात. हे आकडे कोणास क्षुल्लक वाटतील. लग्नाच्या मांडवाचा आकडा ऐकून मग ते पुन्हा वाचावेत.

ह्याहून मोठी गोष्ट जमिनीची. बदलापुराच्या आसपास जमिनीस आज जो भाव आहे, तो आजोबांनी स्वप्नातही पाहिला नव्हता. एकरकमी पैसा येतो, दारात मोटार उभी राहते, लग्न वाजतगाजत होते. आणि काही वर्षांनी त्याच शिवारात उठलेल्या बंगल्यावर घरचा मुलगा राखणदार म्हणून उभा राहतो. विकावी की राखावी, हे आम्ही सांगणार नाही. ज्याची अडचण त्यास ठाऊक. पण विक्रीच्या कागदावर सही होण्याआधी घरातील बायकांस ते कळलेले असावे, एवढे तरी मागणे रास्त आहे.

ह्या बाबतीत महाराष्ट्रात एक लक्षात ठेवण्याजोगा प्रकार घडलेला आहे. 1986 साली चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. त्यानंतर काही वर्षांनी संघटनेचे पुढारी शरद जोशी ह्यांनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालविली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यावा, हे तिचे मागणे. ज्या गावी शंभर शेतकरी असे करतील, त्या गावी आपण जाऊ, असे जोशी सांगत. पुढे 1992 साली सरकारनेही लक्ष्मीमुक्ती ह्याच नावाची योजना काढली, जिच्या आधारे नवऱ्याच्या अर्जावरून सातबारा उताऱ्यावर बायकोचे नाव लागते. आम्हांस ह्यात जे विशेष वाटते ते हे की, संकल्प मोजता येण्याजोगा होता. "बायकोचा मान राखीन" म्हणणारा तो राखतो की नाही, हे कोण पाहणार? नाव उताऱ्यावर चढले की नाही, हे मात्र शाळेतला मुलगाही वाचून सांगू शकतो. कित्येक घरांत अजून वारलेल्या आजोबांचेच नाव उताऱ्यावर आहे. त्यांनी वारसांची नोंद करून घेणे हाच वर्षाचा एक संकल्प धरावा. हेलपाटे पडतील, पण एका वर्षात होण्यासारखे काम आहे.

नदीकाठच्या घरांस आणखी एक सांगणे आहे. 26 जुलै 2005 चा प्रलय येथील वडीलधारे विसरलेले नाहीत. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे 1050 उतारू होते. त्यांत लहान मुले होती, गरोदर स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपत्ती निवारण दलाने व नौदलाने, आसपासच्या रहिवाशांच्या मदतीने, सर्वांस होड्यांतून सुखरूप बाहेर काढिले. गाडीस चाके होती तरी ती हलू शकली नाही. मग घराचे काय? म्हणून मे महिना सरण्यापूर्वी जमिनीचे उतारे, जन्माचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका व बियाणे ही घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर चढलेली असावीत, हा संकल्पही यादीत घालावा. आणि तो डबा कोठे आहे हे घरातील लहानात लहान बोलत्या मुलास ठाऊक असावे, कारण पाणी येते तेव्हा यजमान बहुधा लोकलमध्ये असतो.

आता बैठकीविषयी. उपदेशकांनी भेटीस जाऊन घरासाठी संकल्प सांगू नयेत. सांगितलेला संकल्प आणि यजमानाने लादलेला संकल्प ह्यांत घरच्या बाईच्या दृष्टीने फारसा भेद नाही. त्यांनी केवळ एवढे पाहावे की प्रथम सुनेने बोलावे, मग मुलांनी, मग सासूने, आणि यजमानाने सर्वांच्या शेवटी. सुरुवातीस कोणी बोलणारच नाही. "आम्ही काय सांगणार, तुम्ही ठरवाल ते" असे उत्तर येईल. तेवढ्यावर बैठक मोडू नये. पुढच्या आठवड्याच्या जेवणास पुन्हा विचारावे. एखादी सून पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणेल की, मला वर्षातून दोन वेळा माहेरी चार दिवस जावयाचे आहे. हा संकल्प नव्हे असे म्हणून हसू नये. तो वहीत पहिला लिहावा, तारखेसह.

एका घराने तीनांहून अधिक गोष्टी धरू नयेत. प्रत्येकीपुढे करणाराचे नाव असावे, आणि त्याच ओळीत त्यास मदत करणाराचेही. मग ती वही जूनच्या पहिल्या रविवारी, आभाळ भरून येण्याच्या सुमारास, पुन्हा काढावी. जे झाले नसेल ते खोडू नये. त्याच्या बाजूस काय अडले ते लिहावे, आणि कोणाच्या वाट्याचे काम अधिक जड झाले हे विचारताना आईस सर्वांत आधी विचारावे.