देणारे हात कोणाचे?

कात्रजच्या आमच्या दुकानात ड्रेस मटेरियल घ्यायला आलेल्या बाया गल्ल्यावर सांगतात, "चाचा, लाडक्या बहिणीचे पैसे आले." दरमहा १५०० रुपये. त्यातून आमची जुनी उधारीही थोडीफार वसूल होते, तेव्हा या योजनेला आम्ही नावे ठेवणार नाही. पण व्यापारी माणूस जमेची बाजू पाहिल्याशिवाय खर्चाचे पान उलटत नाही.

योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला गेला. प्रचारात महायुतीने २१०० रुपयांचे वचन दिले, महाविकास आघाडीने ३००० चे. बोली चढत गेली. पैसा कोणाकडून घेणार हा प्रश्न मागे राहिला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात रक्कम १५०० च ठेवली गेली.

आपल्याच राज्यात पूर्वी हा हिशेब उघड मांडला गेला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार आणि व्यापारी कर भरणार, सरकार तेवढीच भर घालणार आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळणार. कोण देतो, कोण घेतो, सगळे स्वच्छ.

हा कर आपण आजही भरतो. पण त्यात एक मेख आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने त्याला १९८८ पासून माणशी वर्षाला २५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे आमचे २५०० आणि मलबार हिलवरच्या कारखानदाराचेही २५००!

मग थेट संपत्तीवरच कर का नको? तोही होता, १९५७ पासून. आपण जकात काढतो तेव्हा दुकानातला माल, रोकड, सोने सगळे मोजतो. या कायद्याने मात्र १९९३ पासून शेअर्स मोजणेच सोडले. राहिले काय, तर जादा घर, दागिने, मोटारी, शहरातली जमीन. बड्या घराण्यांची दौलत तर शेअर्समध्येच असते. शेवटी शेवटी ३० लाखांवरच्या संपत्तीला १ टक्का दर होता आणि २०१३-१४ साली साऱ्या देशातून १,००८ कोटी जमले. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तो रद्द केला व एक कोटीवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला. कर वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. जाळ्याला भोक ठेवले होते, मासे कुठून मिळणार?

दरम्यान गरीब बाई कर भरतेच. तिचे कापडाचे बिल कर धरून १५०० चे झाले, तर त्यात सुमारे ७१ रुपये जीएसटी असतो.

आता मतदार म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संपत्ती कर लावणे राज्याच्या हाती नाही, तो अधिकार केंद्राचा. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराने "श्रीमंतांकडून घेऊ" म्हटले तर कोणत्या कायद्याने, ते विचारावे. लोकसभेच्या उमेदवाराला हा प्रश्न लागू पडतो, पण तिथला अनुभवही ऐका. २०२४ मध्ये काँग्रेसने गरीब कुटुंबातील महिलेला वर्षाला एक लाख रुपये देण्याचे वचन दिले होते. त्याच प्रचारात सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा नुसता उल्लेख केला. भाजपने गदारोळ केला आणि काँग्रेसने, हे पक्षाचे मत नाही, म्हणून हात झटकले.