मे महिन्याचा हिशेब

चि. बाळास,


तुझं पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद दोन्ही नीट वाचले. एमआयडीसीतली नोकरी सोडायची, चिंचोळीकाटीच्या दीड एकरात दहा संकरित गायींचा गोठा उभा करायचा आणि त्यासाठी बँकेचं कर्ज काढायचं, असं तुझ्या मनात आहे. जनावरं पाळावीशी वाटतात याचा मला आनंदच आहे, आणि घराला जनावर असावं असं माझंही ठाम मत आहे. पण तुझा कागद लिटरपासून सुरू होतो. एवढ्या गायी, एवढं दूध, एवढा दर, की महिन्याचे एवढे पैसे. हा हिशेब डिसेंबरातल्या गायीचा झाला. तेव्हा हवा गार असते, उसाचं वाडं बांधाबांधावर मिळतं आणि बोअरला पाणीही असतं. आपल्या मोहोळ तालुक्यात किती दावी बांधायची हे मे महिन्यावरून ठरवावं लागतं. मेमध्ये घरच्या वैरणीवर, घरच्या पाण्यावर आणि घरच्या हातांवर जेवढी जनावरं धड राहतील, तेवढीच वर्षभर ठेवायची. असं का म्हणते ते आकड्यांनीच सांगते.

बारा लिटर दूध देणाऱ्या एका संकरित गायीला दिवसाला वीसेक किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा आणि सहा-सव्वासहा किलो खुराक लागतो. यातला दीड किलो खुराक तिच्या शरीरासाठी आणि पुढे लिटरमागे चारशे ग्रॅम, असं सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे दहा गायींना रोज दोनशे किलो हिरवा चारा हवा, आणि वर्षाला तो त्र्याहत्तर टन होतो. जाहिरातीत नेपिअर गवताचं एकरी शंभर टन उत्पादन सांगतात. तू आपल्या जमिनीत पन्नास टन धर. त्या हिशेबाने तुझं सगळं दीड एकर रान एकट्या हिरव्या चाऱ्यालाच लागतं आणि ज्वारीला एक गुंठाही उरत नाही. आता त्या गवताला मेमध्ये पाणी किती लागेल ते बघ. सोलापूरच्या त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पिकाची गरज दिवसाला सात मिलिमीटर धरली, तर एका गुंठ्याला रोज सातशे लिटर पाणी होतं. साठ गुंठ्यांना बेचाळीस हजार. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोजचे चार टँकर! गाय पिते किती? उन्हाळ्यात सत्तर-ऐंशी लिटर. दहा गायींचं पिण्याचं पाणी एका दिवसाला हजार लिटरच्या आतच बसतं. म्हणून ‘जनावरांपुरतं पाणी आहे’ असं जे तू लिहिलंस ते खरं असूनही अपुरं आहे. गाय तोंडाने पिते त्याच्या कितीतरी पट पाणी ती वैरणीतून खाते. उजनीचा कालवा ज्यांच्या बांधाला लागून जातो त्यांची गोष्ट वेगळी. तुझं रान बोअरवर आहे, आणि ज्या महिन्यात गवताला सर्वांत जास्त तहान लागते त्याच महिन्यात बोअर आटतं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी या अडचणीवर एक तोड काढून ठेवली आहे, ती म्हणजे रब्बीची ज्वारी. आपल्या जिल्ह्यात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. तो पाऊस काळ्या रानात मुरतो आणि त्या ओलीवर ज्वारी उभी राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती काढली की घरात दाणे येतात आणि दारात कडब्याची गंज लागते, तीही नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर. सप्टेंबरचं पाणी मेपर्यंत टिकवून ठेवायचं याहून स्वस्त साधन आपल्या भागात नाही. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातून आलं. दाण्याइतकंच ते कडब्यासाठी का टिकलं, याचं उत्तर गोठ्यात आहे. कोरडवाहू रानात एकरी वीस-बावीस क्विंटल कडबा धर. तो एका मोठ्या जनावराला वर्षभर पुरतो, दोघांना नाही. तुझ्या दीड एकराची मर्यादा इथेच कळते. एक एकर ज्वारी, दहा गुंठे नेपिअर, आणि उरलेल्यात घर, गोठा, उकिरडा, बांधावर शेवरी-सुबाभूळ. दहा गुंठ्यांतून साडेबारा टन हिरवा चारा निघेल. त्यात एका मोठ्या जनावराचे सात टन आणि सोबत पाच शेळ्या ठेवल्यास (शेळ्या का, ते पुढे सांगते) त्यांचे पाच-साडेपाच टन बसतात. मेमध्ये ते दहा गुंठेही सुकतील. म्हणून पावसाळ्यात जास्तीचं गवत आणि थोडा मका कापून त्याचा मुरघास करून ठेव. पिशवीतला मुरघास एका-दोघांच्या हातांनीही जमतो. कडबाकुट्टी यंत्र मात्र पहिल्याच वर्षी घे, कारण अख्खी पेंढी टाकली की बरीच वैरण जनावराच्या पायाखाली जाते.

‘वैरण विकत घेऊ’ असं तू म्हणशील. एखाद्या महिन्याची तूट विकत घेऊन भरता येते, त्याला माझी हरकत नाही. पण दुधाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच असतो, आणि कमी पावसाच्या वर्षी सगळा तालुका एकाच वेळी वैरण शोधत फिरतो. कडब्याचा शेकड्याचा भाव चढतो तेव्हाच जनावराचा भाव पडतो. घेताना महाग आणि विकताना स्वस्त, असा दुहेरी मार बसतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत आपल्याच जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या जाणत्या पशुपालकांनाही गुरं घेऊन तिथे राहावं लागलं. त्यांना गुरं सांभाळता येत नव्हती म्हणून नव्हे, तर दावणीची संख्या चांगल्या वर्षाच्या वैरणीवर बेतलेली होती म्हणून. शिवाय कडब्याची आवकही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ऊस वाढला, ज्वारी काढायला माणसं मिळेनात, म्हणून पेरा घटला. उसाचं वाडं स्वस्त मिळतं हे खरं, पण ते कारखाने चालू असेपर्यंतच. नुसत्या वाड्यावर ठेवलेल्या जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होत जातं, म्हणून वाड्यासोबत चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण द्यावं लागतं.

तुझा दुसरा मुद्दा असा, की चार जनावरांना जेवढा वेळ जातो तेवढ्यात दहा होतात आणि मोठ्या गोठ्यालाच फायदा राहतो. ज्याच्याकडे पाच एकर बागायत आहे त्याच्या बाबतीत हे खरं असेल. दीड एकरवाल्याच्या दहा गायी मात्र कारखान्यासारख्या विकतच्या मालावर चालतात, आणि त्या मालाचा व दुधाचा दोन्ही भाव दुसऱ्यांच्या हाती असतो. गायीच्या दुधाचे दर इतके पडले होते, की जानेवारी २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. अशा वेळी कर्जाचा हप्ता दराबरोबर खाली येत नाही. शिवाय संकरित गाय मेच्या उन्हात चारा कमी खाते, दूध कमी करते आणि गाभ जायची लांबते. वेत लांबलं की भाकड दिवस वाढतात, आणि ते दिवस तुझ्या कागदावर कुठेच दिसत नाहीत. गोऱ्ह्यांचं काय करायचं हाही प्रश्न आहे. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ट्रॅक्टरच्या काळात संकरित गोऱ्ह्याला कामासाठी कोणी घेत नाही, म्हणून तो आणि म्हातारी गाय दोघंही तुझ्याच वैरणीवर राहणार. कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मी बोलत नाही. खर्चाच्या बाजूला ती दोन तोंडं मांड, एवढंच म्हणते.

‘एमआयडीसीतल्या कंत्राटी नोकरीचा काय भरवसा?’ हा तुझा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. नोकरी डळमळीत आहे म्हणूनच डोक्यावर हप्ता नको, आणि अडीनडीला चार दिवसांत पैसा होईल असं धन दारात हवं. हे काम दहा गायी करत नाहीत, शेळ्या करतात. उस्मानाबादी शेळी आपल्याच हवेतली. पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला खाऊन राहते आणि दिवसाला चार-पाच लिटर पाण्यावर भागवते. गाय विकायची तर सगळीच विकावी लागते, पण एका बोकडावर शाळेची फी भागते. आणखी एक जमेची बाजू आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, आणि येती काही वर्षं ती ऐन मे महिन्यात येणार आहे. म्हणजे बोकडाला भाव असतो त्याच दिवसांत तुझी दावणही हलकी होईल.

आता हातांविषयी. इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण तुझ्या कागदावर मजुरीच्या रकान्यात ‘घरचीच’ एवढा एकच शब्द आहे. नोकरी ठेवलीस तर तुझी पाळी बदलणार, कधी पहिली, कधी रात्रपाळी. जनावराला पाळी कळत नाही. दोन धारांमध्ये बारा तासांचं अंतर हवं, आणि धारेची वेळ चुकत राहिली की दूध आटतं, कासेचे आजार लागतात. म्हणजे एक धार सूनबाई काढणार, दुसरीही बहुधा तीच काढणार. शेण, वैरण कापणं, कुट्टी, पाणी, रेडकू पाजणं, दूध घालणं, हे सगळं नुसत्या एका म्हशीचं आणि पाच शेळ्यांचं धरलं तरी दिवसाचे तीन-चार तास सहज होतात. दहा गायींचं काम म्हणजे पूर्ण दिवसाची दोन माणसं, तीही सणवार, आजारपण, लेकीचं बाळंतपण यांतून एकही सुटी न घेणारी. घरच्या बाईचे तास फुकट धरले की महाराष्ट्रातला कुठलाही गोठा फायद्यात दिसतो. तेव्हा आधी तिला विचार, आणि विचारताना उत्तर ठरवून विचारू नकोस. ती हो म्हणाली तर दुधाचे पैसे तिच्या खात्यात जमा होऊ देत. तुझ्या आईची कंबर आता वाकायची नाही, वहिनींच्या नावावर कामं लिहू नकोस.

मग ठेवायचं काय? मी म्हणेन, एक पंढरपुरी म्हैस आणि पाच शेळ्या. पंढरपुरी सहा-सात लिटरच देईल, पण ती या हवेतली आहे, कडब्यावर तगते आणि दूध दाट देते. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, तो ओळखायला शिकावं लागेल, आणि दुपारी अंगावर दोन बादल्या पाणी मारावं लागेल. चिंचोळीकाटीला राहण्याचा एक फायदा डेअरीच्या गावांना नाही. तुझ्याभोवती कामगारांच्या खोल्या आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, पुणे रस्त्यावरचे ढाबे आहेत. सहा लिटर दुधाचा रतीब घरोघर लावलास तर फॅटच्या आकड्याची वाट बघावी लागणार नाही. म्हैस आटेल ते काही महिने रतीब बुडेल, हे गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेव. दोन वर्षं मेअखेरीस गंजीत वैरण शिल्लक राहिली, तर तिसऱ्या वर्षी दुसरी म्हैस बांध. तेव्हा मीच तुझ्या बाजूने बोलेन.

औद्योगिक वसाहतीशेजारी राहण्याचा एक धोकाही आहे. मोकळ्या जागेत तारांचे तुकडे, खिळे, प्लॅस्टिक पडलेलं असतं. म्हैस वैरण चावत बसत नाही, गिळते. गिळलेली तार जाळीपोटातून थेट हृदयापर्यंत घुसू शकते. म्हणून तिथे मोठं जनावर मोकळं सोडू नकोस, आणि वसाहतीच्या नाल्याचं पाणी कुठल्याच जनावराला पाजू नकोस. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी आणि काढणीनंतरचे फुटवे यांच्याजवळही जनावर जाऊ देऊ नकोस. किराळ (ज्वारीची विषबाधा) लागली तर डॉक्टर पोचेपर्यंतही वेळ मिळत नाही. फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक सूनबाईच्या मोबाइलमध्ये भरून दे. पावसाळ्याआधी म्हशीला घटसर्प-फऱ्याची आणि शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा असते. शेळ्यांच्या पीपीआर लशीचं गावच्या दवाखान्यात विचार. म्हैस घेताना कानातला बिल्ला आणि विक्रीची पावती बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस, पुढे विमा त्यावरच होतो. सांगोल्याच्या बाजारात गेलास तर सूनबाईला सोबत ने आणि तिला स्वतः धार काढून बघू दे.

दादाला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या