घरट्याचा आडोसा

छात्रमित्रांनो, गेल्या एप्रिलमध्ये वसतिगृहामागच्या मेंदीच्या कुंपणात लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटे केले होते. काटक्या-मुळ्यांची लहानशी वाटी आणि आत तीन पिल्ले. मला भित्तिपत्रकासाठी फोटो हवा होता. चोचींवर पानांची सावली पडत होती, म्हणून मी दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. फोटो स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी पहाटे पी.टी.ला जाताना पाहिले, तर घरटे रिकामे. पिल्ले उडण्याच्या वयाची नव्हती. ती कावळ्याने नेली की मांजराने, ते मी पाहिले नाही. पण वाट मीच मोकळी करून दिली होती.

फील्डक्राफ्टच्या तासाला आपण शिकतो की, वाकवलेली फांदी आणि तुडवलेले गवत शत्रूला आपले ठिकाण सांगते. घरट्याचेही तसेच आहे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लांना टाकतात, असा समज आहे. बहुतेक पक्षी तसे करत नाहीत. खरे धोके वेगळे आहेत.

पहिला धोका उघडे पडण्याचा. पाने हटली की घरटे वरून दिसते. आपल्याभोवती ओरडणारे आई-बाप पाहूनही कावळा सावध होतो.

दुसरा उन्हाचा. बुलबुलाची पिल्ले जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. सुरुवातीचे दिवस त्यांना शरीराचे तापमान राखता येत नाही. आपण जवळ उभे असेपर्यंत आई परतत नाही. तेवढ्या वेळात पिल्ले तापतात आणि उपाशीही राहतात.

तिसरा घाईचा. साधारण बारा-चौदा दिवसांत पिल्ले घरटे सोडतात. त्याआधी एक-दोन दिवस कोणी जवळ गेले, तर ती घाबरून खाली उडी टाकतात आणि पंखांत बळ नसल्याने जमिनीवर सापडतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे आणि त्यांना उपद्रव देणे हेही येते. अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारत नाहीत.

म्हणून हे नियम पाळा:

१. पान, फांदी, काटकी काहीही हलवू नका.
२. फ्लॅश वापरू नका. घरट्यावर ड्रोन नेऊ नका.
३. पक्षी ओरडू लागला किंवा चोचीत किडा धरून घुटमळला, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे फिरा.
४. घरट्याची जागा कोणाला सांगू नका.

फोटोच हवा असेल, तर थोडे थांबा. घरटे सोडल्यावरही आई-बाप पिल्लांना काही दिवस भरवतात. तेव्हा पिल्ले फांदीवर बसलेली असतात. दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने फोटो घ्या.

मी तो फोटो भित्तिपत्रकावर लावला नाही. यंदा त्याच कुंपणात पुन्हा बुलबुल आले आहेत. मी गॅलरीतून दुर्बिणीने पाहतो आणि आई किती वेळा चारा आणते, ते वहीत लिहितो.